मधुमेहींना व्यायामाला लावणारी बारा आठवड्यांची सेवा: एका सभासदाचा अनुभव

‘रोज चालत जा’ हा सल्ला मला टाइप २ मधुमेहाचे निदान झाल्यापासूनच्या सात वर्षांत प्रत्येक तपासणीच्या वेळी मिळत आला आहे आणि प्रत्येक वेळी मी तो मनापासून मान्यही केला आहे. दवाखान्यातून परतल्यावर आठ-दहा दिवस मी नेमाने चालत असे, मग एखाद्या दिवशी काम निघे, दुसऱ्या दिवशी पाय दुखत, आणि तिसऱ्या दिवशी चालण्याचे बूट पुन्हा कपाटाच्या तळाशी गेलेले असत. अखेर मधुमेही लोकांना व्यायामाला लावण्याचे आणि त्यात टिकवून ठेवण्याचे काम करणाऱ्या एका बारा आठवड्यांच्या सशुल्क सेवेत मी नाव नोंदवले. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिच्याविषयीच्या माझ्या एक-दोन तक्रारी गंभीर आहेत आणि त्या एकट्या माणसाच्या अनुभवावर आधारलेल्या आहेत. शिवाय अशा स्वरूपाच्या सेवा आता बऱ्याच निघाल्या असल्यामुळे, त्यांतली कोणतीही घेताना काय तपासावे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

नोंदणी केल्यावर घरी एक खोके येते. त्यात मनगटावर बांधायचे पावले मोजणारे घड्याळ, रक्तातली साखर मोजणारा ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या, कमी-अधिक ताणाचे तीन रबरी पट्टे आणि एक साधी रेघांची वही असते. याशिवाय फोनवरचे ॲप, आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर होणारा सामूहिक वर्ग आणि दर आठवड्याला प्रशिक्षकांचा एक फोन, असा एकूण व्यवहार आहे. एवढी उपकरणे देऊन वर वही कशाला, असे मला खोके उघडताना वाटले होते. त्या खोक्यातली सर्वांत कामाला आलेली वस्तू ती वहीच ठरली.

सेवेची पहिली चांगली बाजू म्हणजे तिने मला लगेच सुरुवात करू दिली नाही. मी कोणत्या गोळ्या घेतो, इन्सुलिन घेतो का, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी शेवटची कधी झाली, तळपायाला स्पर्श नीट कळतो का, चालताना छातीत दाटून येते का, असे सविस्तर प्रश्न विचारून झाल्यावर माझ्या डॉक्टरांची लेखी संमती मागण्यात आली आणि त्यात दोन आठवडे गेले. त्या वेळी मला हा वेळकाढूपणा वाटला होता. परंतु मधुमेहामुळे दृष्टिपटलावर नाजूक, नव्या रक्तवाहिन्या तयार झालेल्या असतील, तर जड वजन उचलणे, श्वास रोखून जोर लावणे किंवा उड्या मारणे यांमुळे डोळ्यात रक्तस्राव होण्याचा धोका असतो. तळव्याची संवेदना गेलेली असेल, तर बुटातला खडा तासभर टोचत राहिला तरी माणसाला पत्ता लागत नाही. अशा माणसाला ‘चला, उठा, धावा’ म्हणणारा प्रशिक्षक त्याचे नुकसानच करील. ज्या सेवेत हे प्रश्न न विचारता पैसे भरल्याच्या दिवसापासून वर्ग सुरू होतात, तिच्यापासून दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या आठवड्यात कोणतेही लक्ष्य नव्हते. घड्याळ बांधायचे आणि नेहमीसारखे वागायचे, एवढीच सूचना होती. सात दिवसांनी माझी रोजची सरासरी २,९०० पावले निघाली, आणि स्वतःला ‘बऱ्यापैकी हालचाल असलेला माणूस’ समजणाऱ्या मला तो आकडा चांगलाच झोंबला. मी उत्साहाच्या भरात उद्यापासून दहा हजार करतो म्हणालो, तेव्हा प्रशिक्षकांनी त्या आकड्याचे मूळ सांगितले. जपानमध्ये १९६५ साली विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावले मोजणारे यंत्र’, असे होते आणि तिथून तो गोल आकडा जगभर पसरला. तो कोणत्याही वैद्यकीय प्रयोगातून ठरलेला नव्हता. मला पहिले लक्ष्य मिळाले ३,४०० पावलांचे, आणि पुढे दर आठवड्याला साधारण पाचशेची भर. हे लक्ष्य इतके क्षुल्लक वाटत होते की ते न गाठण्याला सबब सापडेना. पूर्वी माझ्या हातून नेम मोडत असे तो याच ठिकाणी: सुरुवात तासाभराच्या चालण्याने करायची आणि तासभर मिळाला नाही की दिवसच सोडून द्यायचा.

आता वहीविषयी. तिच्या प्रत्येक पानावर तीनच रकाने आखायचे असतात: चालण्यापूर्वीची साखर, चालण्याची मिनिटे आणि चालल्यानंतरची साखर. जेवण आटोपल्यावर अर्ध्या तासाने बोट टोचून पहिला आकडा लिहायचा, वीस मिनिटे चालून यायचे आणि पुन्हा बोट टोचून दुसरा आकडा लिहायचा. माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे: १९२, २० मिनिटे, १६१. हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. मी ती नोंद प्रशिक्षकांना अभिमानाने वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “चालला नसतात तरी साखर उतरलीच नसती कशावरून?” त्यांच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी मी त्याच वेळी, तेवढेच आणि तसेच जेवलो, पहिला आकडा घेतला आणि वीस मिनिटे खुर्चीत बसून राहिलो. वहीतली ती ओळ अशी आहे: १८९, बसून, २१४. खुर्चीतून न हलता साखर पंचवीसने चढली होती आणि आदल्या दिवशी त्याच वीस मिनिटांत ती एकतीसने उतरली होती. सात वर्षांत ऐकलेल्या एकाही उपदेशाने माझ्यावर जो परिणाम केला नव्हता, तो या दोन ओळींनी केला.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी, आणि सेवेच्या माहितीपुस्तिकेत ती नव्हती. घरगुती ग्लुकोमीटर अगदी अचूक नसतो. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० किंवा त्याहून अधिक साखर असताना शंभरातली पंच्याण्णव मापने प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असली तरी ते यंत्र उत्तीर्ण समजले जाते. म्हणजे यंत्रावर दिसणारे १९२ प्रत्यक्षात बरेच वर किंवा खाली असू शकतात, आणि दहा-बारा आकड्यांच्या फरकावर आनंद किंवा दुःख मानण्यात काही अर्थ नाही. एका ओळीवर विश्वास ठेवू नये, पानावर ठेवावा. माझ्या वहीत महिनाभरात चालण्याच्या चोवीस ओळी झाल्या आणि त्यांपैकी एकवीस ओळींत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान होता. तेव्हा हा योगायोग नसल्याची माझी खात्री पटली.

असे का होते, हे प्रशिक्षकांनी एका वर्गात फार चांगल्या रीतीने समजावले. रक्तातली साखर स्नायूंच्या पेशींत शिरण्यासाठी पेशीच्या आवरणावर साखर वाहून आत नेणारी प्रथिने यावी लागतात. एरवी त्यांना बाहेर बोलावण्याचे काम इन्सुलिन करते आणि टाइप २ मधुमेहात इन्सुलिनच्या हाकेला पेशी नीट ओ देत नाहीत. परंतु स्नायू आकुंचन पावतो तेव्हा हीच प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता, दुसऱ्याच मार्गाने आवरणापर्यंत येतात आणि मधुमेह असलेल्या माणसातही हा दुसरा मार्ग बऱ्याच अंशी शाबूत असतो. पुढचा दरवाजा अडलेला असताना मागच्या दाराने माल आत घेण्यासारखे हे आहे. व्यायाम थांबल्यानंतरही पेशी इन्सुलिनला काही काळ अधिक चांगला प्रतिसाद देत राहतात आणि हा परिणाम साधारण एक ते तीन दिवस टिकतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये, या सर्वमान्य सल्ल्यातल्या दुसऱ्या अर्ध्याचे कारण मला तेव्हा कळले. रविवारी एकदम अडीच तास चालून बाकीचे सहा दिवस बसून राहणाऱ्याचे गणित कागदावर जुळते, पण गुरुवारपर्यंत रविवारची कमाई संपून गेलेली असते.

चालायचे कधी, याबाबतही सेवेचा सल्ला चांगला होता. न्यूझीलंडमधील एका अभ्यासात टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांना काही काळ दिवसातून एकदा कोणत्याही वेळी ३० मिनिटे आणि काही काळ प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चालायला सांगण्यात आले होते. एकूण वेळ तेवढाच असूनही जेवणानंतर चालण्याच्या काळात जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्यासारख्या माणसाला त्यातला सर्वांत मोठा दिलासा असा की दहा मिनिटांना व्यायाम म्हणता येते. दहा मिनिटांसाठी वेगळे कपडे लागत नाहीत, पहाटेचा गजर लागत नाही आणि ‘आज वेळच मिळाला नाही’ असे म्हणताना स्वतःचीच लाज वाटते.

ॲपबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. सलग किती दिवस लक्ष्य गाठले, याची एक साखळी ते पडद्यावर दाखवते आणि सात, चौदा, एकवीस दिवसांना पदके देते. एकोणीस दिवस साखळी अखंड ठेवल्यानंतर मला ताप आला, दोन दिवस अंथरुणात गेले आणि बरे वाटल्यावर ॲप उघडले तेव्हा पडद्यावर मोठे शून्य होते. ते शून्य पाहून पुढचे चार दिवस मी चाललोच नाही. तापामुळे गेले ते दोन दिवस आणि साखळी तुटल्याच्या रागापोटी गेले ते चार; नुकसान आजाराने केले त्याच्या दुप्पट ॲपने केले, असे म्हणावे लागेल. आजारपण, प्रवास, घरातले कार्य हे कोणाला चुकत नाही, आणि आजारी असताना तर मधुमेही माणसाने व्यायाम करूच नये. खंड पडणार हे गृहीत धरून परत येण्याचा रस्ता सोपा ठेवणे, हे अशा सेवेचे खरे कौशल्य असायला हवे होते. प्रशिक्षकांनी फोनवर ते दाखवले. “आज घड्याळ बांधू नका, फक्त बूट घालून पाच मिनिटे बाहेर उभे राहून या,” असे त्यांनी सांगितले आणि मी अर्थातच उभा न राहता चाललो.

यापेक्षा गंभीर तक्रार सहाव्या आठवड्यातली आहे. मी मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड ही गोळी घेतो. मेटफॉर्मिनमुळे एकट्याने साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइडच्या वर्गातल्या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात, रक्तात साखर कमी असली तरीही. त्या संध्याकाळी जेवणाला उशीर होणार होता, म्हणून मी जेवणाआधीच चालून यायचे ठरवले. साखर ८८ होती. ॲपने तो आकडा हिरव्या रंगात दाखवला आणि ‘उत्तम! निघा’ असा संदेश दिला. इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्याची साखर ९० च्या खाली असेल, तर आधी काहीतरी गोड खाल्ल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये, हा प्राथमिक नियम आहे, आणि मी कोणत्या गोळ्या घेतो हे नोंदणीच्या वेळी याच सेवेने मला विचारून घेतले होते.

अर्ध्या तासाने परतीच्या वाटेवर मला घाम फुटला. आधी वाटले, चालण्याचा घाम आहे. मग लक्षात आले की मान आणि कपाळ थंड आहे, बोटे थरथरत आहेत आणि समोरच्या पाटीवरची अक्षरे मी दोनदा वाचूनही मला त्यांचा अर्थ लागत नाही. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या होत्या, त्याही प्रशिक्षकांनी पहिल्याच फोनवर हट्टाने ठेवायला लावलेल्या. त्या पाकिटाचा कागद सोडवायला मला इतका वेळ लागला की शेवटी तो दातांनी फाडला. चार ग्रॅमच्या चार गोळ्या चघळून मी एका पायरीवर बसलो आणि साखर पाहिली: ६२. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिली तेव्हा ती ९४ होती. सत्तरच्या खाली साखर गेली की पंधरा ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज घ्यायचे, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा मोजायचे आणि तरीही कमी असेल तर पुन्हा घ्यायचे, हा नियम मला पाठ होता. तो पाठ असणे आणि गोळ्या खिशात असणे, या दोन्ही गोष्टींनी मला घरी पोहोचवले. ॲपची चूक मी दोनदा लेखी कळवली. दोन्ही वेळा ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ एवढेच उत्तर आले आणि सेवा संपेपर्यंत ८८ चा आकडा हिरवाच राहिला. माणसाने विचारलेली माहिती यंत्रापर्यंत पोहोचत नसेल, तर ती विचारून उपयोग काय?

प्रशिक्षकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून फोन केला, माझ्या डॉक्टरांशी बोलून घ्यायला लावले आणि चालणे पुन्हा जेवणानंतर आणले. व्यायामानंतर काही तासांनी, अगदी झोपेतही साखर उतरू शकते, म्हणून त्या रात्री झोपण्यापूर्वी साखर पाहिली होती का, हेही त्यांनी विचारले. मी पाहिली नव्हती.

रबरी पट्ट्यांच्या वर्गाला मी कंटाळत गेलो आणि तिथेच रमलो. चालण्याइतकेच स्नायूंना बळ देणारे व्यायाम महत्त्वाचे असतात, कारण जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू, आणि वयाबरोबर ते कोठार लहान होत जाते. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एकेक दिवस सोडून हे व्यायाम करावेत असे सांगितले जाते. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकवून जोर काढणे, पट्टा पायाखाली धरून हात वर खेचणे, असे साधेच प्रकार होते. पट्टा दाराच्या मुठीला अडकवून ओढण्याच्या प्रकारात दार माझ्या दिशेने उघडते, हे मी विसरलो आणि वर्गातल्या अकरा जणांच्या देखत दारासकट मागे आलो. तेव्हापासून ‘दार बंद आहे ना?’ हा आमच्या वर्गाचा नमस्कार झाला. जोर लावताना श्वास रोखायचा नाही, हे बजावण्यासाठी प्रशिक्षक सर्वांना मोठ्याने आकडे मोजायला लावत, कारण मोजणाऱ्या माणसाला श्वास रोखता येत नाही. ही युक्ती मला फार आवडली.

नाडीच्या ठोक्यांवरून व्यायामाची तीव्रता ठरवण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही, हेही योग्यच झाले. आमच्या गटातले काही जण रक्तदाबासाठी अशा गोळ्या घेत होते की ज्यांमुळे ठोके फारसे वाढत नाहीत, आणि त्याच गोळ्या साखर उतरल्यावर होणारी धडधडही झाकून टाकतात. त्याऐवजी बोलण्याची कसोटी होती: चालताना गप्पा मारता याव्यात, गाणे म्हणता येऊ नये.

गटातल्या एका आजोबांच्या पायांच्या नसा मधुमेहामुळे बधिर झाल्या होत्या. त्यांच्यासाठी प्रत्येक वर्गाची सुरुवात एकाच कृतीने होई: बूट हातात घेऊन उलटा करायचा, झटकायचा, आत हात घालून टाचेपासून बोटांपर्यंत चाचपायचे, आणि वर्ग संपल्यावर मोजे काढून तळवा आरशात पाहायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या बुटातून पेनाचे टोपण निघाले. सकाळपासून ते त्यावर पाय ठेवून घरभर हिंडत होते. त्यानंतर हा सोपस्कार टाळण्याची आमच्यापैकी कोणाचीच हिंमत झाली नाही.

एका बाबतीत सेवेने आम्हाला अंधारात ठेवले. जोरकस व्यायामाने साखर उतरण्याऐवजी तात्पुरती चढू शकते, कारण अंगात अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरके वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. गटातल्या एक ताई पाचव्या आठवड्यात जिने भराभर चढून आल्या आणि त्यांना १५८ चे १८७ झालेले दिसले. व्यायामाने आपल्याला अपायच होतो, असे ठरवून त्यांनी दोन वर्ग बुडवले. आकडे हेच ज्या सेवेचे प्रमुख साधन आहे, तिने आकडा उलटा जाण्याची शक्यता पहिल्या दिवशीच सांगायला हवी होती. नंतर प्रशिक्षकांनी समजूत काढली आणि ताई परतल्या, परंतु त्यांच्या जागी एखादा फोन न उचलणारा सभासद असता तर तो कायमचा गेला असता.

साप्ताहिक फोन हा या सेवेचा गाभा आहे आणि पैसे खरे तर त्याचेच आहेत, असे मी म्हणेन. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या एका अभ्यासात असे दिसले होते की देखरेखीखाली आखून दिलेल्या व्यायामाने टाइप २ मधुमेहींचे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारे मोजमाप, सरासरी ०.६७ टक्के-अंशांनी उतरले. आठवड्याला १५० मिनिटांहून अधिक व्यायाम असेल तेथे ही घट ०.८९ होती. आहारात बदल न करता व्यायामाचा केवळ सल्ला दिला गेला तेथे मात्र फरक पडल्याचे आढळले नाही. मी सात वर्षे याच शेवटच्या गटात होतो.

प्रशिक्षक फोनवर काय बोलत, हेही सांगण्यासारखे आहे. ‘चाललात का?’ असे त्यांनी मला एकदाही विचारले नाही. त्या विचारत, “काल कितीला निघालात? उद्या तीच वेळ जमेल का? पाऊस आला तर कुठे चालाल?” या प्रश्नांना हो-नाही असे उत्तर देता येत नाही, त्यामुळे खोटेही बोलता येत नाही. पावसाच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी घरातला व्हरांडा पावलांनी मोजला. तो एकोणीस पावलांचा निघाला. पाय कापले जातील, मूत्रपिंडे निकामी होतील, असली भीती त्यांनी कधी घातली नाही. भीती मला यापूर्वीही पुष्कळ दाखवण्यात आली होती आणि ती आठ-दहा दिवसच टिकत असे. या फोनमधला दोष एवढाच की आठव्या आठवड्यापासून प्रशिक्षक बदलल्या आणि नव्या प्रशिक्षकांना जुन्या नोंदी मिळालेल्या नव्हत्या, त्यामुळे माझ्या गोळ्यांची यादी मला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या नवव्या आठवड्यातच संपल्या. दिवसाला दोन या हिशेबाने बारा आठवड्यांना १६८ लागतात आणि खोक्यात शंभरच होत्या. उरलेल्या मी स्वतः आणल्या. नाव नोंदवण्यापूर्वी ही संख्या विचारून घ्यावी.

बारा आठवड्यांनी माझे एचबीए१सी ८.१ वरून ७.४ वर आले आणि डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची मात्रा दोन मिलिग्रॅमवरून एकवर आणली. पावलांची सरासरी ७,६०० झाली. वजन दीड किलोनेच उतरले. वजन उतरत नाही म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहीत आहे, कारण काटा जागचा हलला नाही तरी साखरेवर होणारा परिणाम वेगळा मिळतोच. माझ्या बाबतीत त्या काळात आहारही थोडा सुधारला होता, त्यामुळे सगळे श्रेय चालण्याला देता येणार नाही.

सेवा कोणी घ्यावी, याविषयी माझे मत असे आहे. ज्यांना व्यायामाचे महत्त्व पटलेले आहे पण जे एकट्याने तीन आठवड्यांच्या पुढे कधी टिकले नाहीत, त्यांनी जरूर घ्यावी. जे आधीच नियमित चालतात, त्यांना यातून रबरी पट्ट्यांच्या वर्गाव्यतिरिक्त फारसे नवे मिळणार नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी ॲपच्या हिरव्या-लाल रंगांवर काडीचाही विश्वास न ठेवता आपल्या मर्यादा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात आणि तो कागद ग्लुकोमीटरच्या पिशवीतच ठेवावा. टाइप १ मधुमेह असलेल्यांसाठी ही सेवा आखलेलीच नाही. त्यांना व्यायामाप्रमाणे इन्सुलिनची मात्रा कमी-जास्त करावी लागते, साखर २५० च्या वर असेल तर किटोन, म्हणजे इन्सुलिन अपुरे पडून शरीर चरबी जाळू लागले की तयार होणारी द्रव्ये, तपासावे लागतात, आणि या दोन्हींविषयी येथे कोणी बोलत नाही.

पुढच्या बारा आठवड्यांसाठी पुन्हा पैसे भरावेत म्हणून मला आतापर्यंत पाच फोन आले आहेत. मी नकार दिला. घड्याळाचा पट्टा तुटला तो मी दुरुस्त केलेला नाही आणि ॲप काढून टाकले आहे. वही भरली, तेव्हा तशीच दुसरी आणली. आता रोज बोट टोचत नाही, आठवड्यातून दोनदाच टोचतो. पण महिन्यातून एक दिवस मुद्दाम जेवणानंतर वीस मिनिटे खुर्चीत बसतो आणि दोन्ही आकडे लिहून काढतो. काल तो दिवस होता: १६४, बसून, १८३.